आधी लिहिलेलं माप

सकाळी सहाला आई पार्सल डेपोच्या पहिल्या पाळीला निघून गेली की घरात दोनच माणसं उरायची, बाबा आणि टाचणी. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी पंचवीस वर्षं शिंपीकाम केलं होतं. लेक जन्मली ती इतकी बारीक आणि इतकी टोचरी, की त्यांनी पाळण्यातच हे नाव तिला चिकटवून टाकलं. आता टाचणी दहावीत होती, उंचीने आईच्या वर गेली होती आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"कोपरापर्यंत?"

"बाबा, सुई लावायचीय. विहिरीत उतरायचं नाहीये."

बाबा हसायचे. म्हणजे ओठाचा एक कोपरा हलायचा. बाकीचा चेहरा कंपवाताने केव्हाच इस्त्री करून ठेवला होता.

कमरेच्या पट्ट्यात काडेपेटीहून थोडा मोठा पंप. त्यातून नळी निघायची, नळीच्या टोकाला बारीक सुई, आणि सुई पोटाच्या कातडीखाली. औषध थेंबाथेंबाने जात राहायचं. नुसत्या गोळ्या होत्या तेव्हा बाबा दिवसातून चारदा खुर्चीत लाकडासारखे अडकायचे. एकदा दोन तास त्यांच्या नाकावर माशी बसली होती आणि ते तिला हाकलू शकले नव्हते. पंप आल्यापासून ते शर्टाची बटणं स्वतः लावत होते.

नर्सताई दर दुसऱ्या गुरुवारी यायच्या. त्यांनी टाचणीकडून नियम पाढ्यांसारखे घोकून घेतले होते. रोज नवी जागा. बेंबीपासून दोन इंच लांब. कालच्या टोचणीपासून बोटभर अंतर. गाठ, लाली, व्रण असेल तिथे सुई नाही. पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही. "आणि नसलेली माणसं दिसायला लागली," त्या प्रत्येक वेळी बजावायच्या, "तर त्याच दिवशी मला फोन. मग औषध कमी करावं लागतं."

जागांची नोंद बाबांच्या जुन्या माप-वहीत व्हायची. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा. मागच्या कोऱ्या पानावर बाबांनी थरथरत्या हाताने स्वतःच्या पोटाचा नमुना काढला होता. मधे बेंबी, उजवीकडे जुन्या ऑपरेशनचा व्रण, आणि सगळ्यावर चौकटी. आडव्या ओळी, उभी घरं.

"कापड मोजकंच आहे, टाचणे. जपून वापर," ते म्हणाले होते. "आणि एक. अंगाला टेप लागल्याशिवाय वहीत आकडा पडता कामा नये. आधी सुई, मग पेन."

"नाहीतर?"

"आधी लिहिलेलं माप अंग शोधत येतं."

"म्हणजे काय?"

"माझ्या उस्तादांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

टाचणीने डोळे फिरवले. शिंप्यांच्या शंभर खोडी, त्यातली ही एकशे एकावी.

वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी गजर वाजलाच नाही. गेल्या वर्षापर्यंत वर्गात 'उपस्थित' म्हणतानाही तिचा घसा सुकायचा. पण ज्या पोरीने बापाच्या पोटात सुई लावली, तिला माइकची काय भीती? तिने पंपात नवं औषध भरलं, तो सुरू केला, आणि घड्याळाकडे पाहिलं. शाळेची बस सुटायला सहा मिनिटं होती. सुई कालचीच राहू दिली. वहीत मात्र लिहून टाकलं, डाव्या बाजूला, दुसरी ओळ, चौथं घर, सहा चाळीस. आल्यावर बदलू. तोवर कोण बघतंय?

दुपारी तीनला ती दुसऱ्या बक्षिसाचा कप नाचवत घरी आली. बाबा खिडकीपाशी बसले होते. हात स्थिर होते. तिने त्यांचा शर्ट वर केला.

सुई दुसऱ्या ओळीत, चौथ्या घरात होती. वरची पारदर्शक पट्टी एकही सुरकुती न पडता बसली होती. टाचणीच्या पट्टीला नेहमी एक सुरकुती पडायची.

"आई येऊन गेली?"

"आई पाचला येते."

"मग हे कुणी केलं?"

"तूच की," बाबा म्हणाले. "हात फार गार होते आज तुझे."

तिने वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा हलवून पाहिला. मग कपाटातले नव्या सुयांचे संच मोजले, दोनदा. एक कमी होता.

फ्रिजवर नर्सताईंचा नंबर चिकटवलेला होता. टाचणीने तो लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत कापला. काय सांगणार? बाबांना नसलेलं माणूस दिसलं म्हणून सांगितलं, तर औषध कमी होणार. औषध कमी झालं की पुन्हा खुर्ची, पुन्हा माशी. आणि बाबांना भास झाला म्हणावं, तर ही पट्टी भासाने बसवली?

सोमवारी तिने मुद्दाम केलं. वहीत आधी लिहिलं, तिसरी ओळ, पहिलं घर. मग खोलीबाहेर जाऊन बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. आत जायला दुसरं दार नव्हतं. खिडकीला जाळी होती. आतून नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला. बराच वेळ, नियमाप्रमाणे, कोपरापर्यंत हात धुवावेत इतका वेळ.

त्या खोलीत नळ नव्हता.

ती आत गेली तेव्हा सुई तिसऱ्या ओळीत पहिल्या घरात होती. बाबा दाराकडे आणि मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बघत होते.

"आज काही बोलली नाहीस," ते हळूच म्हणाले. "रागावलीस?"

माणूस कशालाही सरावतो. टाचणीही सरावली. सकाळी वहीत एक नोंद खरडायची की काम झालं. अर्धा तास जास्त झोप, सरावासाठी वेळ. भिण्यासारखं काय होतं? काम तर तिच्यापेक्षा नीट होत होतं. फक्त बाबा हल्ली हात धुतल्याबद्दल विचारत नव्हते. आणि तिने एकदा कप दाखवून विचारलं, "पुढच्या स्पर्धेला पहिला आणू का?" तेव्हा ते बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले, हे हात कुठले ते ठरत नसल्यासारखे.

मग एका मंगळवारी तिने वही उघडली, तर त्या दिवसाची नोंद झालेली होती. तिच्याच अक्षरात. 'ळ'ची शेपटी लांब ओढायची तिची सवयही त्यात होती.

बुधवारचीही झालेली होती. पुढच्या सोमवारपर्यंत सगळी.

तिने नोंदी खोडल्या. वही आईच्या ट्रंकेत घातली, किल्ली दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठली, हात खसाखसा धुतले, नवी सुई काढली आणि शर्ट वर केला. सुई लागलेली होती. बुधवारच्या घरात. पट्टीखालची कातडी अजून ओली आणि गार होती.

तेव्हा पहिल्यांदा तिने पोटावर नीट हात फिरवला. कितीतरी दिवसांत फिरवला नव्हता. कातडीखाली गाठीच गाठी होत्या, कुणी आतल्या बाजूने बटणं शिवल्यासारख्या.

गुरुवारी नर्सताई आल्या. आईनेही सुट्टी टाकली होती. टाचणीने ट्रंक उघडून वही दिली. तिने खोडलेल्या नोंदी पुन्हा जशाच्या तशा होत्या.

"इतकी सुंदर नोंद मी कुठे पाहिली नाही," नर्सताई पानं चाळत म्हणाल्या. मग त्यांनी बाबांचं पोट दाबलं, मांड्या दाबल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "एकाही दिवशी चुकली नाहीस ना गं? मग हे इतकं कसं? बोटभर मोकळी जागा उरली नाही."

"ताई, मी..." टाचणी म्हणाली. शंभर मुलांपुढे न अडखळलेली जीभ टाळ्याला चिकटली. "ते सगळं मी केलेलं नाही."

"अगं, तुला कोण दोष देतंय? सगळं तुझ्याच अक्षरात आहे."

त्यांनी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. परत आल्या तेव्हा आईकडे बघून बोलल्या, टाचणीकडे नाही. कातडीला विश्रांती द्यावी लागेल. किती दिवस, सांगता येत नाही. गाठी विरल्या तर पुन्हा बघू. तोवर गोळ्या, ठरलेल्या वेळी.

"गोळ्यांनी होत नव्हतं म्हणूनच तर पंप लावला ना?" आई म्हणाली.

नर्सताईंनी सुई काढली, नळी गुंडाळली. पंप काढून डब्यात ठेवला.

दुपारी दोनपर्यंत बाबांचा डावा हात थांबला. मग उजवा. आई चमच्याने पाणी पाजत होती, ते हनुवटीवरून ओघळत होतं. टाचणी समोर बसून होती. बाबांचे फक्त डोळे हलत होते. ते तिच्यावरून टेबलावरच्या माप-वहीवर गेले आणि तिथेच थांबले.

"टाचणे," ओठ न हलवता शब्द आले. "आधी लिहिलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

बाबांनी डोळे मिटले. पापणीतून एक थेंब निघाला आणि गालावर येऊन अडकला. तो पुसायला त्यांचा हात उठला नाही. टाचणीनेच पुसला.

आई गोळ्या आणायला खाली गेली. टाचणीने वही ओढून घेतली. फाडून टाकायची, तुकडे करायचे, असं ठरवून तिने मागचं पान उलटलं.

त्याच्या मागे आणखी एक पान होतं.

त्यावर नवा नमुना काढलेला होता. रेषा थरथरती नव्हती. कंबर अरुंद होती. ऑपरेशनचा व्रण नव्हता. बेंबीच्या डावीकडे, जरा खाली, एक तीळ होता. टाचणीच्या पोटावरचा तो तीळ लहानपणी अंघोळ घालणाऱ्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हता.

खाली एकच नोंद होती. उद्याची तारीख, पहिली ओळ, पहिलं घर, सहा चाळीस.

टाचणीने दाराकडे पाहिलं. मग हळूहळू शाळेचा शर्ट वर केला.

तिळापासून बरोबर बोटभर अंतरावर, शिंप्याच्या निळ्या खडूने, एक छोटीशी फुली मारलेली होती.