तांब्या पालथा घालायचा राहिला

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझं काही अडलेलं नाही.

माझ्या आत्याच्या बाबतीत घडली आहे. आत्या कोल्हापुरात राहते, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. अजून राहते... हे मुद्दाम सांगतो.

तारीख सोळा मार्च २०२४, शनिवार. वेळ संध्याकाळचे सात वाजून पंचवीस मिनिटं. मध्यरात्र नव्हती आणि अमावास्याही नव्हती. ज्यांना त्याशिवाय भीती वाटत नाही, त्यांनी दुसरीकडं जावं.

गावाचं नाव सांगणार नाही. आजऱ्याच्या पुढं, सह्याद्रीच्या कुशीत, गडाच्या पायथ्याचं जुनं बाजाराचं गाव आहे. हल्ली तिथं काजूच्या बोंडांची वाइन करणारा कारखाना निघालाय. त्यामुळं शनिवार-रविवार गाड्यांची रीघ लागते. नाव लिहिलं तर उद्याच चार टोळकी त्या अंगणात रील काढायला उभी राहतील, आणि तेवढी अक्कल गहाण टाकलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

त्यातलाच एक माझा आतेभाऊ अनेकांत.

याचं टाइल्सचं शोरूम आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकला वाइनचे कारखाने बघून आला आणि तेव्हापासून सरबताचा ग्लाससुद्धा गोल फिरवून, हुंगून पितो. घरात कांदा शिजत नाही, पण नाकानं कांदे सोलायला हा पटाईत. गावाकडचं काही दिसलं की याच्या ओठाचा कोपरा वर जातो. सगळ्यात जास्त हसू याला येतं ते स्वतःच्या आईच्या नेमाचं.

आत्याचं नाव प्रभावती. वय अडुसष्ट. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही, हा तिचा जैन घरातला नेम. लग्न झाल्यापासून पाळलाय. बाळंतपणात मोडला नाही, नवरा गेला त्या दिवशीही मोडला नाही.

त्या नेमाची तिची एक रीत आहे. मावळतीआधी जेवायचं, शेवटचं पाणी प्यायचं, मग नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा आणि तांब्या पालथा घालायचा. तांब्या पालथा पडला की तिचा दिवस मिटला. मग ती शांत झोपते.

अनेकांत म्हणायचा, "कोंबड्यांसारखं आहे आईचं. उजेड गेला की खुराड्यात."

त्या गावात जुनी दगडी बस्ती आहे. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आत्याला मरायच्या आत तिथलं दर्शन घ्यायचं होतं आणि त्यासाठी ती तीन वर्षं मुलाच्या मागं लागली होती. याला वेळ नव्हता. वाइनच्या कारखान्याचं कळलं आणि अचानक वेळ झाला. आईला दर्शन, आपल्याला घोट. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या ऐटीत स्वारी निघाली.

चार वाजता त्यानं आत्याला बस्तीच्या दारात उतरवलं आणि पाचला येतो म्हणाला.

आत्याचा डबा आणि गाळलेल्या पाण्याची बाटली मागच्या सीटवरच राहिली. गाडी कारखान्याकडं गेली.

त्या दिवशी मावळती सहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी होती. आत्या ही वेळ रोज सकाळी कॅलेंडरात बघते.

पाच वाजले. सहा वाजले. आत्यानं तीनदा फोन केला. अनेकांत तेव्हा चार परक्या लोकांना वाइनमध्ये लाकडाचा वास कसा ओळखावा ते शिकवत होता. त्यानं फोनचा आवाज बंद केला. वर ती कोंबड्यांची गंमत त्यांनाही सांगितली. लोक हसले. आई उपाशी बसलीय आणि पोरगा तिच्यावर हशा मिळवतोय, यापुढं त्या माणसाबद्दल मी काय बोलू?

तो निघाला तेव्हा पूर्ण अंधार पडला होता.

बस्तीला कुलूप होतं. समोर आकाराम नावाच्या म्हाताऱ्याची चहाची टपरी होती आणि तो भांडी विसळत होता. आई कुठं आहे, असं अनेकांतनं विचारलं. आकारामनं मान वर न करता बस्तीमागच्या बोळाकडं बोट केलं. त्या मागच्या घरात बसल्यात, म्हणाला.

अनेकांत मोबाइलचा टॉर्च लावून बोळात शिरला. रातकिडे ओरडत होते. लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

बोळ संपला. कंबरेएवढं दगडी कुसू होतं. त्यानं ते ओलांडलं...

आणि रातकिडे थांबले.

एकदम. कुत्र्याचाही आवाज बंद.

टॉर्च चालू होता, पण त्याचा उजेड दिसत नव्हता.

कारण अंगणात ऊन होतं.

संध्याकाळचं पिवळं, तिरकं ऊन. एका खाटेवर सांडगे वाळत घातले होते, त्यांच्यावर ऊन. ओसरीच्या खांबावर ऊन. अनेकांतच्या हातावर पडलं ते उबदार लागलं.

त्यानं वर बघितलं.

आकाश काळं होतं. चांदण्या होत्या.

खाली बघितलं... खांबाची लांब सावली अंगणभर पडलेली.

ओसरीवर आत्या मांडी घालून बसली होती. पुढं पितळेचा तांब्या, शेजारी रिकामं ताट. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ती तिसऱ्यांदा णमोकार म्हणत होती. तिच्यामागं दारात एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तोंड दिसलं नाही.

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प उभा राहिला असता. पण हा दीडशहाणा. पोटात वाइन, मनात कारखान्यातला हशा. भीती वाटली म्हणून तो आणखीच जोरात बोलला.

"आई, ऊठ. साडेसात वाजलेत. अंधारात जेवलीस तू, मोडला तुझा नेम. आता कसला मंत्र म्हणतेस?"

आत्यानं डोळे उघडले. मुलाकडं बघितलं, मग अंगणाकडं.

"ऊन हाय की अजून," ती म्हणाली.

त्यानं तिचा दंड धरला आणि तिला उठवलं. तिचा हात तांब्याकडं गेला होता, तो पोचला नाही.

दारातली बाई तेव्हा बोलली. आवाज साधा होता, शेजारणीचा असावा तसा. तिनं मान वळवली नाही.

"पावणं, त्येंचं हू द्या की."

अनेकांतनं आईला ओढत कुसवाबाहेर आणलं. बाहेर पाय पडला आणि रातकिडे पुन्हा सुरू झाले. त्यानं मागं वळून बघितलं...

काळोख. घराचा नुसता आकार.

टपरीपाशी आकारामनं गाडी अडवली. त्यानं एकच गोष्ट विचारली. आईनं तांब्या पालथा घातला का? हा प्रश्न याला कसा सुचला, हे अनेकांतला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. तो नुसता हसला. तसलं हसरं थोबाड मी लहानपणापासून बघत आलोय.

आकाराम म्हणाला, "त्या अंगनात दिवस जरा उशिरा मावळतोय, पावणं. आमच्या आज्याच्या आधीपास्नं. त्या बाईचा ल्योक बी असाच उशिरा आलता म्हनत्यात. तुमच्या आईनं तितं पानी घेतलं, ते बरं केलं. पर तांब्या उभाच ऱ्हायला, म्हंजी दिवस उघडाच ऱ्हायला की."

अनेकांतनं काच वर केली. घरी आल्यावर बायकोला, प्रियदर्शनीला, सांगितलं की बोंडाची वाइन जरा जास्तच चढते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या जेवायला बसलीच नाही. सात वाजले, आठ वाजले. प्रियदर्शनी घाबरून विचारायला गेली, तर आत्या शांतपणे म्हणाली की अजून वेळ आहे, ऊन आहे. आणि रात्री आठ वाजता ती जेवली. मग णमोकाराला बसली... तिसऱ्याला अडकली. पुढचं तिला आठवेना. पाच वर्षांच्या पोराला येतो तो मंत्र.

त्या रात्री ती झोपली नाही. त्यानंतरही नाही.

पलंगावर पडते, पण डोळे उघडे असतात. डॉक्टर झाले, डोळ्यांचा झाला, डोक्याचा एमआरआय झाला. काही निघालं नाही. झोपेच्या गोळ्यांचा उपयोग होईना. मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, तर मला म्हणाली, "दिसाउजेडी झोपायची सवय न्हाय रे मला."

ती वाळत चालली आहे. आणि एकच मागणं मागते. मला त्या घरी घेऊन चल, माझा तांब्या पालथा घालायचा राहिलाय.

एप्रिलमध्ये एकदा आठ वाजता वीज गेली. प्रियदर्शनी मेणबत्ती शोधत आत्याच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. खोलीत मिट्ट काळोख होता. पण आत्याच्या पलंगापासून देव्हाऱ्यापर्यंत फरशीवर तिची सावली पडली होती. लांब, तिरकी, कडा स्पष्ट असलेली. संध्याकाळच्या उन्हात पडते तशी.

तिनं नवऱ्याला हाक मारली. अनेकांत आला. त्यानं बघितलं आणि त्याच्या ओठाचा तो कोपरा पहिल्यांदाच खाली आला.

मे महिन्यात हा पठ्ठ्या एकटाच त्या गावी गेला. आईला न सांगता. आपणच तांब्या पालथा घालायचा आणि प्रकरण मिटवायचं, असा त्याचा हिशोब. शोरूममध्ये फुटकी टाइल बदलून देतात ना, तसं.

अंगणात ऊन नव्हतं. खाट नव्हती. ओसरीवर धूळ होती, आणि त्या धुळीत तो तांब्या उभा होता. दोन महिन्यांनी. अर्धा भरलेला, पाणी स्वच्छ. त्यानं हात पुढं केला...

बंद दाराच्या आतून आवाज आला. तोच, साधा.

"तुमचा न्हवं त्यो, पावणं."

हा पळाला. कुसवावर पँट फाडून घेतली. हे त्यानंच मला सांगितलं, रडत, आणि खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आत्याला तिथं घेऊन का जात नाही? मीही तेच म्हणालो. मी घेऊन जातो म्हणालो. तर हा दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, तांब्या पालथा पडला की तिचा दिवस मावळणार. आणि तिचा दिवस मावळला की...

पुढचं मला कळलं.

म्हणजे तिकडं आत्याचं मिटायचं राहिलंय, आणि इकडं हा भित्रा तिला मिटू देत नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं रोज सांगतो. त्या दिवशी दम धरवला नाही. आता धरून बसलाय.

सावली मात्र थांबलेली नाही. रोज सरकते, तांदळाच्या दाण्याएवढी. पावसाळ्यात ती देव्हारा ओलांडून गेली. दिवाळीला कपाटापाशी होती. दिवे घालवले की दिसते. मी स्वतः पाहिली आहे, म्हणून तर लिहितोय.

परवा अनेकांतचा फोन आला. ताबडतोब ये म्हणाला. गेलो. साडेसात वाजले होते. त्यानं खोलीतला दिवा बंद केला.

सावलीचं डोकं उंबऱ्याला टेकलं होतं.

आत्या पलंगावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. पण सावलीचा एक हात पुढं आलेला... आणि त्यात तांब्या होता. उभा.

आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे होतो. आत्यानं खिडकीकडं मान वळवली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. थकलेल्या आवाजात तिनं विचारलं, "अनेकांता, मावळला का रे दिवस?"

जन्मभर जो आईच्या नेमाला हसला, तो घसा खाकरून म्हणाला,

"न्हाय आई. ऊन हाय अजून."