येते हं

सिन्नरकडच्या उघड्या माळावर तो जलाशय, आणि त्याच्याभोवती पक्ष्यांचं अभयारण्य. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात पाणी इतकं आटलं, की धरणात गेलेल्या गावाची जोती वर आली. बी.एस्सी. होऊन नुकतीच गणतीच्या कामाला लागलेली मैना त्या जोत्यांमधली टिटवीची घरटी वहीत टिपत होती. "मैनेनंच पाखरं मोजायची म्हंजी घरचाच कारभार," असं म्हणून राखणदार पुंजा बांधावरच्या बाभळीखाली बसून राहिला होता.

ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. आणि त्या भेगाळलेल्या गाळात मैनाला ओल्या शेणाचा वास आला.

एका जोत्यावर हिरव्या लुगड्यातली बाई सारवत होती. मैना दचकली, पण ती तर वाळलेलं पान पडलं तरी दचकायची. बाईनं हसून तांब्या पुढे केला. पाणी गार, गाळाच्या वासाचं. मग तिनं मैनाच्या कपाळाला कुंकू लावलं. निघताना मैना रीतीप्रमाणे म्हणाली, "येते हं."

बाईचा हात थांबला. "कधी?"

'येते'वर असं कोणी विचारत नाही. मैना गोंधळली. "येईन... सवडीनं."

"पाणी भरल्यावर ये. आत्ता सारं उघडं पडलंय. भरलं म्हंजी घर बरं दिसतं."

"बरं," मैनाच्या तोंडून निघून गेलं.

बांधावर आल्यावर तिनं हे सांगितलं, तेव्हा पुंजाची बिडी विझली, तरी त्यानं ती पेटवली नाही.

"आमची चंद्रभागाकाकू ती. गाव उठलं, काकू नाय उठली जोत्यावरून. पाणी चढलं तरी... गेल्या साली गणतीला आलेली बाई बी 'येते'च म्हणली व्हती, ताई. धरण भरलं त्या दिशी पाण्याच्या कडेला तिच्या चपला घावल्या. उंबऱ्याशी काढल्यावानी."

"मग... आता?"

"पाऊस यायच्या आत 'जाते' म्हणून या. आत्ताच जा. शब्द मोडा."

जन्मात कुणाला 'जाते' म्हटलं नव्हतं तिनं. आईनं तोंडावर हात ठेवला असता. मैना परत खाली उतरली. जोत्यावर कोणी नव्हतं; सारवण मात्र ओलं होतं.

"बाई... जाते मी."

भिंती नसलेल्या त्या घराच्या आतून आवाज आला, "बरं."

मैनाचा जीव भांड्यात पडला. ती वळली.

"...मग मीच येते."

मागे न बघता ती बांध चढली. पुंजानं बाजूला होऊन वाट दिली. मैना पुढे गेली. पुंजा मात्र तसाच उभा राहिला, मान खाली घालून, मागून येणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला वाट द्यावी तसा.