नावं झाकलेले सहा कॉम्प्रेसर

मिरजेतल्या आपल्या स्टुडिओत शशांक बिवलकरांनी पडद्यावर सहा कॉम्प्रेसर उघडले आणि नाक मुरडलं. सगळी नुसती सॉफ्टवेअरं, पण मिजास बघा: कुणाला पितळी बटणं, कुणाला लाकडी चौकट, एकाच्या कडेला तर गंजही रंगवलेला. मोठा आवाज दाबायचा आणि बारीक आवाज वर उचलायचा, एवढंच कॉम्प्रेसरचं काम. त्यासाठी हा नवरदेवाचा थाट.

त्यांतला ‘समतोल’ नव्या जातीचा. तो वादकाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून शिकायचा आणि हाताला कमी पडलेला स्वर स्वतःच भरून काढायचा. गेली दोन वर्षं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. बिवलकरांना त्या लोकांची किळस यायची. ह्यांना कान दिलेत कशाला, असं ते उघड म्हणत.

काचेपलीकडून गिटार वाजवून सायमन आवळे बाहेर आला. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं काढलेला माणूस; त्याची जुनी ध्वनिमुद्रणं ह्याच स्टुडिओतली. त्याची अनामिका हल्ली जड वाटत होती आणि बायको डॉक्टरांकडे चल म्हणून मागे लागली होती.

“रेकॉर्डिंगमध्ये बोट कमी पडलेलं दिसलं तर उद्या जातो, सर,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

बिवलकरांनी आपली नेहमीची पद्धत धरली. जो जास्त जोरात वाजतो तोच अडाण्यांना गोड लागतो, म्हणून सहाही आवाज मीटरवर एका पातळीला आणले. नावं झाकली, क्रम तीनदा पिसला, डोळे मिटून ऐकलं. तिन्ही वेळा निवड एकच झाली.

“ह्यात हात ऐकू येतो. बाकीचे पाच जागोजागी अडखळतात. भिकार माल.”

“म्हणजे बोट ठीक आहे?”

“ठणठणीत.”

सायमनने तिथूनच बायकोला फोन लावला. “अगं, डॉक्टरांची वेळ घेऊ नकोस. सरांनी सांगितलंय.”

बिवलकरांनी नाव उघडलं. समतोल. पाचही कॉम्प्रेसर त्याच त्याच जागी अडखळत होते आणि आपण दोष सॉफ्टवेअरला दिला, हे लक्षात येताच त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी सहाही काढून टाकले आणि गिटारच्या तारेतून थेट आलेला आवाज लावला. अनामिकेच्या प्रत्येक जागी स्वर नव्हताच, नुसती थप्प होती.

“सायमन, चूक माझी झाली. उद्या डॉक्टरांकडे जा.”

सायमनने पुन्हा एकदा ऐकलं. “पण वाजवताना मी माझा अ‍ॅम्प्लिफायर ऐकत होतो, सर. त्यात सगळे स्वर होते.”

“त्यात कॉम्प्रेसर कुठला आहे?”

“समतोलच. ऑर्केस्ट्रात दोन वर्षं तोच आहे.” त्याने डावा हात मांडीवर ठेवला आणि अनामिका उचलून पाहिली. ती उचलली गेली नाही.

“मग सर, हे कधीपासून असेल?”