अर्धी टर्की

मिरजेच्या पीडावाटप केंद्रात डॉ. आवटींनी पद्मजा मगदूमच्या मानेवर सुपारीएवढा पीडासेतू चिकटवला. त्याचा जोडीदार पलीकडच्या खोलीत तिच्या धाकट्या भावाच्या, श्रेणिकच्या, मानेवर आधीच बसला होता.

"गर्द बंद केल्यावर अंग जो सूड उगवतं, त्याला हे लोक टर्की म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "त्यातली अर्धी आता तुम्हाला. श्रेणिकच्या हृदयाला पूर्ण टर्की झेपणार नाही. पुन्हा गर्द ओढणं तर त्याहून नाही."

पद्मजा कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. गोड बोलून तिला गुंडाळणं सोपं नव्हतं. "माझ्या रक्तात काही येणार?"

"थेंबही नाही. सेतूवरून फक्त संवेदना जाते. त्याची हाडं दुखली की तुमची दुखतील, त्याला बरं वाटलं की तुम्हालाही."

"म्हणजे व्यसन त्याचं, भोग दोघांचे."

"माणूस नशेपायी व्यसनाला चिकटत नाही, बाई. भोगातून सुटका मिळते म्हणून चिकटतो. भोग निम्मे केले, की चिकटपणाही निम्मा."

आई म्हणाली होती, ज्याचं कर्म त्यानंच भोगावं. पण पद्मजानं पर्युषणात दहा-दहा उपवास काढले होते. अंगाला ताब्यात ठेवणं आपल्याला जमतं, असा तिचा समज होता.

टर्कीनं तो समज धुऊन काढला. हाडं करवतल्यासारखी, नाक गळतंय, पोटात मुरडा, आणि झोप तर पार पळालेली. दात-ओठ खात ती स्वतःला समजवायची, होऊ दे, तेवढंच माझ्या श्रेणूचं कमी.

एका दुपारी सगळं एकाएकी थांबलं. अंगभर ऊब पसरली. इतकं हलकं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं, आणि ती आनंदानं रडली. मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. टर्की अशी बटण दाबल्यासारखी जात नसते.

श्रेणिक खाटेवर पेंगत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. "आईची शपथ ताई, काही घेतलं नाही."

ती शपथ तिच्या जिव्हारी लागली. ज्याच्यासाठी रक्त आटवलं, त्यानंच केसानं गळा कापला होता. डॉक्टरांना सांगायचंच, असं तिनं ठरवलं. पण उद्या. आज किती छान झोप येत होती.

सकाळी टर्की दामदुपटीनं परतली. श्रेणिक कुडकुडत स्वतःच तिच्या दाराशी आला.

"माझ्याबरोबर ओढणारा सुज्या भेटायला आला होता. त्यानं भडंगाच्या पिशवीतून आणलं. ताई, तोंड दाखवायची लाज वाटते. ही उरलेली पुडी तूच डॉक्टरांना दे. आता खरंच सोडतो."

तो खोटं कसं बोलतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हे खोटं नव्हतं.

पुडी मुठीत घेऊन ती बाहेर पडली. समोरच्या खोलीतून डॉक्टरांनी मान वर केली. "काय पद्मजाताई, कसं काय?"

"बरं आहे," ती म्हणाली आणि मागे फिरली. खोलीत येऊन तिनं दार लावलं.

"डॉक्टर जागेवर नाहीत. आजच्या दिवस घे. उद्यापासून सोड."

श्रेणिक तिच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला. "ताई, माझं हृदय..."

"काही होत नाही," पद्मजा म्हणाली, आणि काडेपेटी शोधू लागली.