बाहेरची कडी

गोदाम सांभाळायचं म्हणजे ओल आणि किडे यांच्याशी उभा दावा मांडायचा. दर तीन महिन्यांनी आम्ही धान्याला धुरी देतो. पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्र्या ओढायच्या, कडांवर वाळूच्या पिशव्या टाकायच्या, खाली विषारी गोळ्या सरकवायच्या, बाहेर यायचं आणि दाराची फट न् फट चिकटपट्टीने बुजवायची. तासा-दीड तासात गोळ्यांतून वायू सुटू लागतो. मग सात दिवस आत मुंगीसुद्धा जगत नाही.

मी बदली होऊन इथे आलो तेव्हा एकच अडचण होती. दार घट्ट बसत नव्हतं. भिंती जुन्या, दोन हात जाड, दगडी. दार नंतरचं, चार बोटं जाडीच्या फळ्यांचं, बाहेर उघडणारं. बाहेरून भक्कम कडी असती तर ते चौकटीला आवळून बसलं असतं. पण बाहेरून कडी नव्हतीच. आमच्याच नव्हे, गावातल्या कुठल्याही दाराला नव्हती. शाळेला नाही, दवाखान्याला नाही. कुलपं होती, पण आतूनही किल्ली चालणारी. कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा नुसती दोरी.

सुताराला सांगितलं, तर तो हातातला रंधा थांबवून म्हणाला, "आतून लावून देतो. बाहेरून आम्ही लावत नाही."

"का?"

"कुणीच लावत नाही, साहेब."

बरंच खोदून विचारल्यावर तो बोलला. तीनशे वर्षांपूर्वी इथल्या सरदाराने पेरणीचं बियाणंसुद्धा उचलून नेलं, तेव्हा कुळं उठली. अकरा दिवस त्यांनी त्याच्या माणसांना शिवेच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. बाराव्या दिवशी त्याने बोलणी करायला म्हणून बत्तीस जणांना याच कोठारात बोलावलं. ते आत जाऊन बसले आणि बाहेरून कडी पडली. धान्याने भरलेल्या कोठारात माणसं तहानेने मेली. उठाव तिथेच मोडला.

मला वाईट वाटलं. आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या शहरातून लोखंडी कडी आणून मी ती स्वतःच्या हाताने बसवली. माझं डोकं हे असं चालतं.

धुरीच्या दिवशी ताई आली होती. ती आमच्याच खात्यात धान्य तपासते, आणि माझ्याकडे आली की धान्याआधी मला तपासते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ताई सोळाची. माझ्या शिक्षणापायी तिने स्वतःचं लग्न आठ वर्षं लांबवलं आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही. दुपारी नमुने घेऊन ती म्हणाली, "शर्टाचं बटण लाव. मी निघते, दोनची गाडी आहे."

आत गेलेले हमाल आठ, बाहेर आलेले आठ. दार ओढण्यापूर्वी आत तोंड घालून तीनदा हाक मारायची, असा नियम आहे. माणसं मोजली होती, म्हणून मी हाक मारली नाही. कडी घातली, पट्ट्या चिकटवल्या, धोक्याची पाटी अडकवली आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला कचेरीत जाऊन बसलो.

दीड तासाने पाणी प्यायला उठलो, तेव्हा खुर्चीमागे ताईची पिशवी दिसली. तिच्यात गाडीचं तिकीट होतं. चष्म्याचं घर होतं, रिकामं.

चष्मा ती आत थप्पीवर विसरली होती. तो आणायला ती परत गेली होती, आणि मी त्या वेळी चिकटपट्टी शोधत होतो.

मी धावलो.

दार सताड उघडं होतं.

ताई बाहेर ओट्यावर बसली होती. खोकत होती, पण बसली होती. मला पाहताच म्हणाली, "एवढी माणसं आत ठेवून दार लावतोस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"कोणती माणसं?"

"तुझे हमाल. पुष्कळ होते. अंधारात तोंडं दिसली नाहीत. मी दार बडवत होते, तर मागून एक म्हातारा म्हणाला, 'बाई, तुम्ही बाजूला व्हा. हे दार आम्हाला ठाऊक आहे.' मग सगळ्यांनी मिळून खांदा लावला."

आठही हमाल माझ्या मागे उभे होते.

कडी जशीच्या तशी घातलेली होती. चौकटीतून तिचा कोंडा लाकडाच्या ढलप्यासकट उपटून आला होता. फळ्यांना बाहेरच्या बाजूला पोक आलं होतं. नंतर मी लाकूड टोकरून पाहिलं, कुजलेलं नव्हतं. आत मात्र एकही ताडपत्री हलली नव्हती. वाळूच्या पिशव्या कडांवर सरळ पडल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास असत्या तर सांगता आलं नसतं. मी त्यांच्यासमोर लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी ताईने उरलेलं सांगितलं. सुताराची गोष्ट तिला मी कधीच सांगितली नव्हती.

"दार उघडल्यावर मी ते धरून उभी राहिले. म्हटलं, चला, या सगळे. तो म्हातारा उंबऱ्यापर्यंत आला. विचारलं, बाहेर घोडेस्वार आहेत का? मी म्हटलं, नाही हो, माझ्या भावाची सायकल आहे."

"मग?"

"त्याला पटलं नाही रे. परत आत जाऊन बसला. एकही बाहेर आला नाही."

कडी मी त्याच दिवशी काढली. चौकट सुताराने दुरुस्त केली. मी घडलेलं सगळं सांगितलं, तेव्हा तो फक्त म्हणाला, "ताई बऱ्या आहेत ना? मग झालं."

ताई बरी आहे. फोनवर अजून बटणाचं विचारते. तो आवाज ऐकला की मला कोठारातल्या माणसांची आठवण होते, आणि त्यांचे उपकार फेडायचे कसे ते कळत नाही. एकच सुचलं. हमाल जेवायला गेले की मी रोज दार पूर्ण उघडतो, धरून बाजूला उभा राहतो आणि स्वच्छ आवाजात म्हणतो, "घोडेस्वार निघून गेलेत. या." सुरुवातीला माझी मलाच लाज वाटायची. आता वाटत नाही.

काल दुपारी असंच म्हटलं. आत, जमिनीवर बसलेली पुष्कळ माणसं एकदम उठली की होतो तसा आवाज झाला. मी दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मग उंबऱ्याच्या आतून कुणीतरी हळूच विचारलं, "किती दिवस झाले?"