चार पानं जास्त

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीखाली खोदलेल्या बोगदेवस्तीत शर्वाणी बोंद्रे पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत मळ्याचा आकडेतक्ता, दुसरीत हवेचा. चाळीतल्या भांडलेल्या बिऱ्हाडांसारख्या त्या शेजारी असून एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या.

आणि त्या अबोल्यापायी शर्वाणीचा संसार अडला होता. लग्न झालं, हळद उतरायच्या आत बदली झाली ती थेट चंद्रावर. नवरा मयूरेश मिरजेत. त्याला इकडे आणायचं, तर एका माणसापुरतं जास्तीचं अन्न आणि हवा हवी. मळ्याच्या प्रमुख इंदुताई ठोंबरे म्हणायच्या, "आधी नवा बोगदा हवेने भरून द्या, मग पेरते." हवेचे आणि अख्ख्या वस्तीचेही प्रमुख असलेले डॉ. पोतनीस म्हणायचे, "आधी पेरणीचा आकडा द्या. रिकाम्या बोगद्यात मी कुणासाठी बर्फ वितळवून हवा भरू?" मयूरेशचा अर्ज तसाच पडून होता.

"सर, दोन्ही तक्त्यांत जिवंत दुवा टाकते," पोतनिसांच्या हाताखाली काम करणारी शर्वाणी एकदा त्यांना म्हणाली.

"म्हणजे नेमकं काय?"

"आत्ता इंदुताई फोनवर आकडा सांगतात, आपण उतरवून घेतो. तोवर तो शिळा झालेला असतो. दुव्यात उतरवणं नाहीच. त्यांच्या खिडकीतलं आकड्याचं घर बदललं, की आपल्या खिडकीतलं त्याच क्षणी बदलतं. आपलं बदललं की त्यांचं."

"यंत्रं या तक्त्यांबरहुकूम चालतात, बाई. गडबड झाली तर?"

"यंत्रं हातातलं काम पुरं झाल्याशिवाय पुढचा आकडा घेतच नाहीत. पिकं उभी राहिली की मगच नवी हवा, हवा भरली की मगच नवी पेरणी."

पोतनिसांनी मान डोलावली आणि शर्वाणीने दुवा टाकला.

त्यानंतर वस्तीला बरकत आली. वर्षानुवर्षं अंधारात पडलेल्या बोगद्यांत एकामागून एक दिवे लागले. पालक, टोमॅटो, अळू यांनी वाफे भरून गेले. इंदुताईंना वाटलं, पोतनिसांनी मनावर घेतलं. पोतनिसांना वाटलं, इंदुताईंनी. आनंदाच्या भरात शर्वाणीने मयूरेशला सांगून टाकलं, आणि त्या उतावळ्या माणसाने मिरजेतलं बिऱ्हाड मोडलंसुद्धा!

अर्जावर सही करायच्या वेळी मात्र पोतनीस थबकले. "तक्ता जवळजवळ दुप्पट माणसं दाखवतोय. वस्तीत तर आपण आहोत तेवढेच आहोत. ही कुठली?"

शर्वाणीने दोन्ही खिडक्यांमधली सूत्रं उघडली. मळ्याचं सूत्र होतं: हवा जितक्यांची, तितकी जेवणाची पानं, अधिक चार. हवेचं सूत्र होतं: पानं जितकी, तितक्यांची हवा, अधिक चार.

तिने इंदुताईंना बोलावून घेतलं. "इंदुताई, हे चार कोण?"

"कोण म्हणजे? आयत्या वेळी कुणी आलं तर? चार पानं जास्तच धरायची असतात."

"चंद्रावर कोण येतंय आयत्या वेळी!" पोतनीस उसळले.

"मग सर, तुम्ही का धरलेत?" शर्वाणीने विचारलं.

पोतनिसांनी कान खाजवला. "आमच्या घरी तशी पद्धत आहे."

शर्वाणीला उलगडा झाला. एकाचे चार पाहुणे दुसरा घरचीच माणसं धरत होता आणि त्यांवर आपले चार वाढवत होता. दुवा जिवंत, म्हणून आकडा गोल फिरत फुगत गेला होता. ही माणसं नव्हतीच. मयूरेशला आता कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"चूक ती चूक. तोडा दुवा," पोतनीस हळू आवाजात म्हणाले.

शर्वाणीचा हात कळीपर्यंत गेला आणि थांबला.

"सर, पाहुणे खोटे. पण पालक?"

"पालक खरा. काल पोतनिसांनीच दोनदा वाढून घेतला," इंदुताई म्हणाल्या.

"आणि हवा?"

पोतनिसांनी हवेच्या मापकावर नजर टाकली. "तीही खरी." यंत्रांनी प्रत्येक खोट्या पाहुण्याचं पान आणि श्वास खरोखर तयार करूनच पुढचा आकडा घेतला होता. हवा होती, अन्न होतं. कमी होती ती फक्त माणसं.

"अहो, मग बोलवा की माणसं!" इंदुताई म्हणाल्या, आणि शर्वाणी डोळे पुसत खदखदून हसली. पोतनिसांनी मयूरेशच्या अर्जावर सही ठोकली आणि मग त्याखाली साचलेल्या इतरांच्या सगळ्या अर्जांवरही. होत्या तेवढ्या जागा संपल्या.

"आता तोडू ना दुवा?" शर्वाणीने विचारलं.

पोतनीस घुटमळले. "राहू दिला, तर आकडा कुठवर जाईल?"

"बोगदे संपेपर्यंत. अजून दोन आहेत."

"मग एक फेरी आणखी फिरू दे." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "आमच्या मंडळींनी कधीपासून धोशा लावलाय. प्रमुखाने आधी आपलंच माणूस आणलं असं नको, म्हणून त्यांना मी अर्जच करू दिला नव्हता."