अकरा मिनिटांचा मृत्यू

सकाळी दहाला फोन वाजला आणि पलीकडच्या बाईने वहिनींना मागितलं, तेव्हाच भाऊजींचा दिवस बिघडला.

खासगी तपासाच्या त्या कचेरीच्या दारावरच्या पाटीवर नाव भाऊजींचं होतं. परवाना त्यांचा, टेबल त्यांचं आणि फिरती खुर्चीही त्यांचीच. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर 'घरी बसून भिंती किती बघायच्या' असं म्हणत त्या एक दिवस इथे येऊन बसल्या, त्या बसल्याच. आता दोन वर्षांनी परिस्थिती अशी होती, की येणारा प्रत्येक माणूस भाऊजींना नमस्कार करायचा आणि विचारायचा, "वहिनी आहेत का?"

वहिनी शेजारच्याच खोलीत होत्या. भाऊजींनी फोनवर सांगितलं, की त्या बाहेर गेल्या आहेत, काय असेल ते मला सांगा. बाई म्हणाली, मग मी तासाभराने करते. अकराला फोन पुन्हा वाजला. या वेळी भाऊजींनी तो निमूटपणे आत नेऊन दिला.

साडेअकराला ती आली. पस्तिशीची, डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण. सोबत नवरा होता आणि त्याच्या खांद्यावर तिची मोठी पर्स. दोघं एकाच वर्तमानपत्रात होते. तो छापील अंकात शहराचं पान बघायचा. गटारं, पाणी, रस्ते. ती वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर थेट बातम्या द्यायची. म्हणून कचेरीत तिला थेटबाई म्हणत आणि त्याला नगरवाले.

गेल्या महिन्यात थेटबाईंनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून एका दूरच्या बेटांच्या देशाच्या अध्यक्षांची इंटरनेटवरून मुलाखत घेतली होती. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ती मुलाखत जगभर गेली. आणि काल, बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, त्याच अध्यक्षांच्या मृत्यूची बातमी थेटबाईंच्या खात्यातून संकेतस्थळावर चढली. अकरा मिनिटांनी ती उतरवली. तेवढ्यात बावीस देशांनी ती उचलली होती, बेटांवरचा शेअर बाजार बंद पडला होता, आणि अध्यक्षांनी हातात उकडलेलं अंडं घेऊन, आपण जिवंत असल्याचं व्हिडिओवरून जाहीर केलं होतं.

"मी नाही टाकली ती," थेटबाई म्हणाली. "पण आज पाचपर्यंत माफीनामा लिहून राजीनामा द्या, असं संपादकांनी सांगितलंय. तो एकदा माझ्या नावाने छापून आला, की जगात कुठेच मला बातमी लिहू देणार नाहीत."

"हिच्याऐवजी माझं नाव घाला म्हटलं मी त्यांना," नगरवाले म्हणाले. "ऐकत नाहीत. अहो, बातमीचं पहिलं वाक्य कसं लिहायचं, ते हिला मी शिकवलंय. हिला मी ओळखत नाही का?"

भाऊजींना माणूस आवडला. बायकोची पर्स चारचौघांत खांद्यावर घेणारा नवरा त्यांनी फारसा पाहिला नव्हता.

वहिनींनी बातमीची छापील प्रत मागितली. भाऊजींनी ती आधी वाचली, कारण परवाना त्यांचा होता. 'बेटांच्या प्रजासत्ताकाचे वयोवृद्ध अध्यक्षांचे काल, बुधवारी दुपारी, राहत्या घरी झोपेतच निधन झाले. ते ८८ वर्षांचे होते.' त्यापुढे त्यांचं शिक्षण, कारकीर्द आणि मासेमारीची आवड. भाऊजींना तीत काही खोट दिसली नाही. मेलेला माणूस जिवंत होता, तेवढंच.

वहिनींनी प्रत दोनदा वाचली. मग विचारलं, "हे असंच चढलं होतं? नंतर कुणी हात नाही ना लावला?"

थेटबाई म्हणाली, की एक अक्षरही बदललेलं नाही. वहिनींनी कागदाची घडी घातली.

वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरल्याबरोबर समोर भिंतभर पडदा होता. संकेतस्थळावरची कोणती बातमी या क्षणी किती जण वाचताहेत, त्याचे आकडे त्यावर वरखाली होत होते. माणसं पाण्याच्या ग्लासाकडे जाताना त्याकडे बघत, येताना पुन्हा बघत, आणि मधल्या काळात आपापल्या खुर्चीतून चोरून बघत. सगळ्यात वर थेटबाईंचं नाव होतं. अपकीर्तीलाही वाचक असतात.

खात्यात शिरणं अवघड नव्हतं, हे वहिनींना दहा मिनिटांत कळलं. थेटबाईंचा पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर होता आणि ते सगळ्या मजल्याला माहीत होतं. त्यावर फोनवर येणारा सहा आकडी क्रमांक लागायचा. पण स्टुडिओत फोन नेता येत नसे. तो जिन्याजवळच्या फळीवर ठेवावा लागे, आणि क्रमांक लॉक केलेल्या फोनच्या काचेवरसुद्धा झळके. काल चार ते साडेचार थेटबाई स्टुडिओत एकटी, बिघडलेल्या कॅमेऱ्याची वाट बघत बसली होती. तिथेही संगणक होता. म्हणजे दोन पावलं बाहेर येऊन, क्रमांक बघून ती करू शकत होती, आणि जिन्यावरून जाणारा कुणीही.

पहिल्यांदा भेटले परदेश पानाचे प्रमुख. त्यांच्या टेबलामागे पाच देशांची वेळ दाखवणारी पाच घड्याळं होती, म्हणून त्यांचं नाव पाचघड्याळे. त्यांनी मत्सर लपवायची तसदी घेतली नाही. तीस वर्षं ते परदेश पान चालवत होते आणि परदेश त्यांनी नकाशावरच पाहिला होता. "आणि ही बया," ते म्हणाले, "कुकर लावून जगाशी बोलते."

अध्यक्षांचा मृत्युलेख तयारच होता, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. थोर माणसं ऐंशीच्या पुढे गेली, की वर्तमानपत्रं त्यांचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. कारकीर्द, शिक्षण, मासेमारी सगळं त्यातलंच होतं. फक्त वरचं पहिलं वाक्य कुणीतरी नवं जोडलं होतं. फाइल सगळ्यांना उघडता येत असे.

बोलता बोलता त्यांनी एका शिकाऊ मुलीच्या मजकुरावर लाल रेघ मारली. "परदेशाच्या पानावर आज नाही आणि काल नाही," ते तिला म्हणाले. "इथे दुपार तेव्हा कुठे पहाट, कुठे मध्यरात्र. वार लिहायचा, सुटायचं. तीस वर्षं सांगतोय."

काल चारला आपण इथेच होतो, असं ते म्हणाले. साक्षीदार पाच घड्याळं.

"हाच," बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले. "डोळ्यांतच आहे त्याच्या."

वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. भाऊजींना त्यांची ही सवय बिलकुल आवडत नसे.

संकेतस्थळाचा प्रमुख तिशीचा होता आणि कानांवरचे हेडफोन त्याने बोलतानाही काढले नाहीत. त्याला आकडेसाहेब म्हणत. त्या अकरा मिनिटांत वाचकांची संख्या कचेरीच्या इतिहासात सर्वांत जास्त झाली होती. पडद्याचा तो फोटो त्याने फ्रेम करून टेबलावर ठेवला होता, आईवडिलांच्या फोटोशेजारी. त्याला पश्चात्ताप झाला आहे का, असं भाऊजींनी विचारलं. कशाबद्दल, असं त्याने खरंखुरं कुतूहल दाखवत विचारलं.

बातमीतली चूक कुणाच्या लक्षात कशी आली नाही, हा वहिनींचा प्रश्न.

"मथळ्याखाली कुणी उतरत नाही हो," तो म्हणाला. "मीसुद्धा नाही. आणि आमच्याकडे वेळ एकच. आत्ता. सकाळची बातमी दुपारी दाखवली तर लोक हसतात."

भाऊजींचा संशय आता त्याच्यावर गेला. फ्रेम फारच ताजी होती.

संपादक मोठ्या खोलीत मोठ्या टेबलामागे बसले होते. काल चारला ते जाहिरातदारांच्या बैठकीत होते, दहा माणसांसमोर. त्यांचंही दुःख होतंच. समारंभात लोक त्यांना विचारत, 'म्हणजे त्या कुकरवाल्या बाईंच्या पेपरचे संपादक का तुम्ही?' पण ते याकडे तटस्थपणे पाहत होते, हे त्यांनी तीनदा सांगितलं. बातमी लिहून त्यांना पंधरा वर्षं झाली होती. "मी भूमिका मांडतो," ते म्हणाले.

शेवटी नगरवाले. त्यांचं टेबल जिन्याच्या पलीकडे, पडद्याकडे पाठ करून. सकाळी वहिनींकडे येण्याआधी ते पाणीपुरवठ्याच्या सभेला जाऊन आले होते, आणि आता उद्याच्या अंकासाठी तिची बातमी टाइप करत होते. थेटबाईंची पर्स मांडीवरच होती. भाऊजींनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'नगर परिषदेच्या काल झालेल्या सभेत नव्या जलवाहिनीस मंजुरी देण्यात आली.' बिचाऱ्याचं कशात लक्ष नव्हतं. सकाळची सभा त्याने कालची करून टाकली होती.

वहिनींनी त्यांना एवढंच विचारलं, की पडद्यावर तुमच्या बातम्या कधी येतात का.

"छापील अंक कोण वाचतं ते पडद्याला कळत नाही," नगरवाले हसून म्हणाले. "मलाही नाही."

मग वहिनी थेटबाईंना खिडकीजवळ घेऊन गेल्या. एका जागतिक वृत्तवाहिनीने तिला बोलावलं होतं, परदेशात, तीन वर्षांसाठी. आज संध्याकाळी सही व्हायची होती. कचेरीत कुणालाही माहीत नव्हतं. फक्त घरी.

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना संपादकांच्या खोलीत बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात कोरा कागद दिला.

"आज दुपारी एक बाई या कचेरीत तपासाला आली," त्या म्हणाल्या. "एवढीच बातमी. तीन ओळी. जशी रोज लिहिता तशी."

संपादकांनी हा वेळेचा अपव्यय असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांच्या आधी लिहायला घेतलं. थेटबाईनेही लिहिलं. वहिनींनी कागद गोळा केले आणि चष्मा लावला.

"आकडेसाहेब. 'आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार.' थेटबाई. 'काही मिनिटांपूर्वी.' पाचघड्याळे. 'गुरुवारी दुपारी.' संपादक." इथे त्या थांबल्या. "'पत्रकारितेसमोर आज अनेक आव्हाने उभी आहेत.' तिन्ही ओळींत मी कुठेच आलेले नाही."

पाचवा कागद त्यांनी वाचला नाही. तो आणि मृत्यूच्या बातमीची प्रत, दोन्ही थेटबाईंच्या समोर ठेवली.

"तुम्हीच वाचा."

थेटबाईने वाचलं. "'शहरातील एका दैनिकाच्या कार्यालयात काल, गुरुवारी दुपारी...'" ती थांबली. दुसरा कागद उचलला. "'काल, बुधवारी दुपारी.'"

"पण गुरुवार तर आज आहे," आकडेसाहेब म्हणाला. पहिल्यांदाच त्याने हेडफोन काढले.

"आणि ती बातमी चढली तेव्हा बुधवार होता," वहिनी म्हणाल्या. "आम्ही ती गुरुवारी वाचली, म्हणून 'काल, बुधवारी' वाचताना कुणाला खटकलं नाही. आमच्या भाऊजींनाही नाही. पण बुधवारी दुपारी चारला बसून बुधवारलाच 'काल' कोण म्हणेल? संकेतस्थळावरची माणसं नाही, त्यांना आत्ताशिवाय काही सुचत नाही. परदेश पान नाही, तिथे नुसता वार असतो. संपादक दहा माणसांत होते, आणि तसंही त्यांच्या हातून तीन ओळींत बातमी झाली नसती. असं लिहितो तो ज्याचं लिहिलेलं उद्या सकाळी वाचलं जातं. आजची सभा लिहिताना ज्याचा हात न विचारता 'काल' उमटवतो. तासाभरापूर्वी ते पाण्याच्या सभेचं लिहीत होते. भाऊजींनी वाचलंय."

भाऊजींनी मान हलवली. वाचलं होतं खरं.

नगरवाल्यांनी नाकारलं नाही. त्यांनी आपल्याच अक्षरातला कागद ओढून घेतला. मग म्हणाले, "अध्यक्ष मरावेत असं मला वाटत नव्हतं. हिने फक्त थोडं खाली यावं. महिनाभर. मग मी तिची बाजू घेतली असती, सगळ्यांशी भांडलो असतो. ती म्हणाली असती, तू होतास म्हणून."

आकडेसाहेबाने हेडफोन टेबलावर ठेवले.

"आमच्या सोसायटीत मला माझं नाव घेऊन हाक मारत नाहीत," ते म्हणाले. "थेटबाईंचे मिस्टर म्हणतात. तेही चालेल म्हणत होतो मी. पण परदेशात तर कुणी तेवढंही म्हणालं नसतं."

"पहिलं वाक्य," थेटबाई हळूच म्हणाली. "मला शिकवताना म्हणाला होतास, त्यात फक्त खरं तेवढंच लिहायचं."

तिने हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावरची आपली पर्स काढून घेतली. फोन बाहेर काढून ती व्हरांड्यात गेली. पाचला सतरा मिनिटं होती.

"हे थेट दाखवायचं का?" आकडेसाहेबाने विचारलं. संपादकांनी राजीनाम्याचा मसुदा फाडला, मग तुकड्यांकडे बघून दुसरा कागद घेतला. जाताना भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. खरी बातमी वर चढली होती. चाळीस जण वाचत होते.

बसथांब्यावर दोघं शेजारी उभे राहिले. भाऊजींच्या मनात सारखी ती पर्स येत होती. सकाळी ती खांद्यावर बघून त्यांना माणूस आवडला होता, आणि आता कळत होतं, की आवडला होता तो ओळखीचा वाटला म्हणून.

"भाऊजी," वहिनी समोर बघत म्हणाल्या, "त्या बाईने आज पहिला फोन दहाला केला होता. मला निरोप अकराला मिळाला."

भाऊजींनी बस येतेय का ते वाकून पाहिलं.

"पाचची मुदत होती तिची. सतरा मिनिटं उरली शेवटी. मधल्या तासाची बातमी कशी लिहाल?"

बस आली. वहिनी चढल्या. भाऊजी मागोमाग चढले, त्यांच्यासाठी खिडकीची जागा सोडली आणि दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "पाटीवर आता दोन नावं हवीत. रंगाऱ्याला आजच सांगतो."

"आज?" वहिनींनी विचारलं.

"आज," भाऊजी म्हणाले. "वार लिहून देतो."